दाव्यासकट विकलेली जागा

नागपूरच्या एका माणसानं मला फसवलं, आणि त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर बसून मी फुलसावंगीच्या पुढच्या एका तांड्यातल्या म्हाताऱ्याला फसवलं. पहिल्या फसवणुकीत माझा एक रुपयाही गेला नाही. दुसरीत म्हाताऱ्याचं जवळजवळ सगळं गेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी नागपूरवाल्यावर चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा स्वतःला बाजूला ठेवतोय. ठेवत नाही. पण माझा वाटा मी कबूल केला म्हणून त्याचा वाटा मिटत नाही.

दिग्रसला माझं जुन्या ट्रॅक्टरांचं दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडेला तारेचं कुंपण, पत्र्याचं एक शेड आणि सात-आठ ट्रॅक्टर. त्याआधी वीस वर्षं मी बैलबाजारात दलाली केली. त्याच्याआधी माझ्याकडे काही नव्हतं. बापानं एक सायकल ठेवली होती, तिचीही चेन मीच बदलली.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवतीचे लोक हात दिसत नाहीत म्हणून चेहरे पाहत उभे राहतात. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. मला ते कधी नीट जमलं नाही, मी लवकर तापतो. पण तापण्याचाही धंद्यात उपयोग होतो. तापून उठून गेलेल्या दलालाला लोक परत बोलावतात. दुपट्ट्याखाली झालेली गोष्ट मात्र बाहेर काढायची नाही, सौदा मोडला तरी नाही. आणि दुसरी एक रीत : बैल विकला तरी त्याचं दावं विकायचं नाही. घेणाऱ्यानं आपली दोरी आणायची. आपलं दावं सोडून घरी आणून गोठ्यात खुंटीला टांगायचं. बैल गेला तरी गोठा उठला नाही, असा त्याचा अर्थ. वीस वर्षांत मी दाव्यासकट बैल देणारा एकच शेतकरी पाहिला. तो पुन्हा बाजारात दिसला नाही.

कॅमेरा माझ्याकडे ट्रॅक्टरच्या सौद्यात आला. पुसदच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं भावासाठी ट्रॅक्टर घेतला, थोडे पैसे कमी पडले, म्हणून कॅमेरा टेबलावर ठेवला. मी तो विकायलाच घेतला होता. पण त्या आठवड्यात एक नांगर पाहायला महागावकडं गेलो होतो, गाडीत कॅमेरा तसाच पडलेला, आणि तुरीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक लांडगा उभा. सकाळची वेळ, अंगावर दव. मी काच खाली केली आणि बटण दाबलं. फोटो हललेला होता. तरी तो मी दुकानात टांगला आणि कॅमेरा विकला नाही. मग जुनी मोठी लेन्स घेतली, खाकी कापड घेतलं, पहाटे उठायला लागलो. लोक म्हणाले, दलाल बिघडला. पुढच्या दोन वर्षांत मी रोही, कोल्हे, माळढोकासारखा वाटणारा पण माळढोक नसलेला एक पक्षी, असं बरंच काही काढलं. मन मात्र लांडग्यावरच होतं. वाघ अभयारण्यात असतो, त्याला फाटक आहे, तिकीट आहे, गाइड आहे. लांडगा कुणाचाच नाही. तो लोकांच्या शेतात राहतो आणि लोकांना दिसत नाही.

म्हातारा मला बाजारापासून ओळखायचा. बैलाच्या दातात न पाहता, नुसत्या चालीवरून वय सांगणारा तो एकटा. त्याचे पणजोबा-खापरपणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलूखभर फिरायचे. आता चार एकर कापूस, वीसेक बकऱ्या आणि तांड्याची नायकी. भांडण झालं की आजूबाजूच्या तांड्यांतले लोकही त्याच्याकडे न्यायाला यायचे. मी त्याला नायक म्हणायचो, तो मला दलाल म्हणायचा. दुकान टाकून पंधरा वर्षं झाली तरी दलालच.

या जानेवारीत त्याचा निरोप आला, एकटा ये. मी गेलो. त्यानं मला ई-क्लासच्या पडीत जमिनीवर नेलं. ही सरकारी चराई तांड्यापासून मैलभर लांब, मध्ये एक कोरडा नाला. नाला ओलांडून तो पळसाच्या झुडपामागं बसला आणि मलाही बसवलं. समोर मुरमाच्या उतारावर एक बीळ होतं.

मी तोंड उघडलं तसा तो म्हणाला, "बोलू नोको. हात दे."

त्यानं डोक्याचा दुपट्टा काढून आमच्या हातांवर टाकला आणि माझी चार बोटं दाबली.

"चार पिल्लं?"

"बोलू नोको म्हनलं नं तुले."

आम्ही तासभर बसलो. लांडगी आली, तिच्या पोटाशी तीन पिल्लं लुचली. मला तीनच दिसली. मला वाटलं, म्हातारा मोजण्यात चुकला. परत येताना नाला ओलांडल्यावर तो मोकळेपणानं बोलला.

"तांड्यात कोनाले माहीत नाई. माह्या पोराले बी नाई. बकऱ्या नेते थे. माहीत पडलं तं लोक उद्याच धूर देतीन."

"तुमच्या नाई नेल्या?"

"दोन नेल्या."

"मंग तुमी कायले झाकून राह्यले, नायक?"

"याडी हाय थे," तो म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "या बिळात आनताना पाह्यली मी तिले. एकेक पिल्लू तोंडात धरून, चार खेपा. चवथ्या खेपेले तिनं मले पाह्यलं अन् मी तिले. मंग आता मी लोकायले काय सांगू?"

"अन् मले काहून दाखवली?"

तेव्हा तो हसला. पुढचे दोन दातच राहिले होते. "तू फुकट कोनाले काई देत नाईस, म्हनून."

हे वाक्य मी तेव्हा शाबासकी म्हणून घेतलं.

त्यानंतर मी नऊ सकाळी तिथं गेलो. गाडी मैलभर अलीकडे ठेवायची, अंधार असताना पळसामागं जाऊन बसायचं, उजेड आला की वाट पाहायची. अडचण आवाजाची होती. माझ्या कॅमेऱ्यात आत आरसा आहे. बटण दाबलं की तो उडतो आणि परत आपटतो. दुकानात हा आवाज ऐकूही येत नाही. त्या उतारावर मात्र कुणी सुपारी फोडल्यासारखा वाजायचा. पहिल्याच खटक्याला लांडगीचे कान माझ्याकडे वळायचे, पिल्लं बिळात जायची आणि ती उभी राहायची. मग सकाळ संपली. म्हणजे दिवसाला एक फोटो. तोही अर्ध्या वेळा धूसर, कारण सूर्य वर येईपर्यंत माझ्या कॅमेऱ्याला पुरेसा उजेड दिसत नाही आणि सूर्य वर आल्यावर ती थांबत नाही.

नव्या कॅमेऱ्यांत आरसाच नसतो. ते आवाज न करता फोटो काढतात, जनावराचा डोळा स्वतः शोधतात, कमी उजेडात पाहतात. हे मी वाचलं, मग व्हिडिओ पाहिले, मग रोज पाहू लागलो. किंमत लेन्ससह चांगल्या चालत्या ट्रॅक्टरएवढी. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी विकता येतो, कॅमेरा विकायला काढला की अर्धाच होतो. धंद्याच्या दृष्टीनं हा मूर्खपणा होता, आणि मला तो कळत होता. बायकोलाही मी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं सांगितली.

"त्या लांडगीले आवाजाचा तरास होऊन राह्यला."

मी जेवत होतो, ती समोर तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग नोका काढू फोटो. आवाज आपोआप बंद होते. फुकटात."

"तुले समजत नाई त्यातलं."

"नसंन समजत. पन थो कॅमेरा तुमाले लांडगीले पाहासाठी पाह्यजे, का नागपूरवाल्याले दाखवासाठी, येवढं तरी सांगा."

मी ताट सरकवून उठलो. ती बरोबर बोलली की मी असाच उठतो.

नागपूरवाला कोण ते सांगतो. दवाखान्यांना यंत्रं पुरवायचा त्याचा धंदा. अभयारण्याच्या फाटकावर आमची ओळख झाली. चार-पाच मित्र, दोन उघड्या जीपगाड्या, सगळ्यांच्या टोप्या सारख्या. मला शेठ म्हणायचा. माझा कॅमेरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मित्राला म्हणाला, "अरे, हे मॉडेल अजून चालतं?" हसून म्हणाला, म्हणून मीही हसलो. पण ते डोक्यात राहिलं. दर वर्षी तो नवा कॅमेरा घेतो आणि जुना विकतो. या वेळचा जुना म्हणजे आठ-नऊ महिने वापरलेला, आरसा नसलेला. दुकानापेक्षा बराच स्वस्त देतो म्हणाला. जंगलात जाता जाता दिग्रसला थांबला आणि माझ्या शेडमध्ये लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. मला गिऱ्हाईक म्हणून नेहमी दुसऱ्यांना बसवायची सवय. त्या दिवशी गिऱ्हाईक मी होतो आणि खुर्च्या दोन्ही माझ्या होत्या.

त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला. एका ट्रॅक्टरच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. मी कॅमेरा तिकडे धरला. पडद्यावर एक छोटा चौकोन आला, कुत्र्याच्या मिटलेल्या डोळ्यावर बसला. कुत्र्यानं मान फिरवली, चौकोन डोळ्याबरोबर फिरला. मी बटण दाबलं. काही ऐकू आलं नाही.

"निघाला?"

"वीस निघाले शेठ. बोट उचला आता."

मी सौदा सुरू केला. जितक्या पद्धती मला येतात तितक्या वापरल्या. लेन्सवर ओरखडा दाखवला. बॅटरी फुगली म्हणालो, ती फुगली नव्हती. तापलो, उभा राहिलो, कॅमेरा त्याच्या पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. बाजारात इथं समोरचा मागून हाक मारतो. त्यानं पिशवी मांडीवर तशीच राहू दिली आणि चहा प्यायला.

"शेठ, पैशात मी उतरत नाही," तो म्हणाला. "दुसरं काही असेल तर बोला."

टेबलावर माझा फोन पडला होता. त्याच्यावर पिल्लाचा फोटो, नऊ सकाळींतला एकुलता एक बरा. त्यानं फोन उचलला आणि बराच वेळ पाहिला. "ही जागा कुठली?"

मी नाही म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो, आवाज चढवून. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही, फक्त फोन माझ्याकडे सरकवला. आणि मी म्हणालो, "किती उतरशील?"

हे तीन शब्द माझे आहेत. ते त्यानं माझ्या तोंडातून काढले असं मी म्हणणार नाही.

तो एक-तृतीयांश उतरला. अर्धे पैसे आत्ता, आठ दिवस कॅमेरा वापरून पाहायचा, पटला तर उरलेले. मीही अटी घातल्या. एकट्यानं यायचं. एकच सकाळ. गाडी नाल्याच्या अलीकडे, बंधाऱ्यावर ठेवायची आणि पायी जायचं. पळसाच्या पुढं जायचं नाही. तांड्यातून जायचं नाही, मागच्या पांदणीनं जायचं. कुणाला सांगायचं नाही. प्रत्येक अटीला तो हो म्हणाला आणि हात पुढं केला. सवयीनं मी ट्रॅक्टरच्या सीटवरचं फडकं ओढलं आणि आमच्या हातांवर टाकलं.

"हे काय शेठ, जादूचे प्रयोग?" तो हसला.

"आमच्याकडं असं असते. याच्याखाली झालेलं बाहेर जात नाई."

"बढिया," तो म्हणाला. मी एक बोट दाबलं, म्हणजे एकटा. त्यानं उलट माझा सगळा पंजा दाबला, शहरातले लोक निरोप घेताना दाबतात तसा. त्याला बोटांची भाषा येत नव्हती. ती ज्याला येत नाही त्याच्याशी दुपट्ट्याखाली सौदा होत नाही. बाजारातला सगळ्यात कच्चा दलालसुद्धा मला हे सांगू शकला असता. आम्ही सगळे भाव मुठीत धरून मोठे झालो, म्हणून हात दिला की माणूस बांधला गेला असं धरून चालतो. ज्याच्यासाठी फडकं म्हणजे फडकं, त्याला ते बांधत नाही.

तो गेल्यावर मी संध्याकाळपर्यंत त्या कुत्र्याचे फोटो काढले. खूश होतो, हे खोटं सांगत नाही.

पुढचे दोन दिवस ढाणकीच्या एका गिऱ्हाइकात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी फोनवर फोटो आला. त्यानं पाठवला नव्हता, फाटकावरच्या एका गाइडनं पाठवला. 'शेठ, हे तुमच्याकडचं आहे का?' लांडगी इतक्या जवळून की नाकावरची माती दिसत होती. दात बाहेर, शेपूट पोटाखाली. खाली कोपऱ्यात गवत दाबलेलं होतं आणि त्यावर टायरचे खाचे. जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करणाऱ्याला टायर ओळखायला वेळ लागत नाही. जीपचा टायर, नवा, रबराच्या गोट्या अजून न झिजलेला. गाडी बिळाच्या तोंडाशी नेली होती.

मी फोन केला, त्यानं उचलला नाही. मी गाडी काढली. कॅमेरा शेजारच्या सीटवर होता, तो घरी ठेवायचंही सुचलं नाही. तांड्यात शिरताना नेहमी दोघं-चौघं राम राम करतात. त्या दिवशी बायका हंडे घेऊन उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याचा मुलगा, चाळिशीतला, ओट्यावर बसला होता.

"या शेठ," तो म्हणाला. "आता काय पाहाले आले? खेळ तं खतम झाला."

"कोन आलतं?"

"कोन नाई आलतं? दोन गाड्या, सात मानसं. पानी भरनाऱ्या बायायले इचारून राह्यले, लांडग्याची गुहा कोन्या अंगाले हाय. आमाले तं पत्ताच नाई! आमीच त्याईच्या मागं गेलो पाहाले." तो थांबला. "तिथी माह्या बापाच्या बिड्या पडेल होत्या, पळसाखाली. ढीगभर. मंग सगळं समजलं लोकायले."

पुढचं त्यानं सांगितलं ते असं. गाड्या गेल्यावर तांड्यातली दहा-बारा माणसं उतारावर गेली. लांडगी पळालेली होती, पिल्लं आत. त्यांनी बिळाच्या तोंडात बाभळीचे काटे कोंबले, गवत पेटवलं आणि वर दगड रचले. संध्याकाळी पंचायत बसली. ज्यांच्या बकऱ्या वर्षभरात गेल्या होत्या ते सगळे बोलले. नायकाला माहीत होतं, नायकानं झाकलं, म्हणजे त्या बकऱ्या नायकानंच दिल्या. इतकी वर्षं तो ज्या जागेवर बसून न्याय करायचा, त्या जागेसमोर त्याला उभं केलं. त्यानं बाजू मांडली नाही. आपल्या बकऱ्यांतून लोकांच्या बकऱ्या भरून दिल्या. चार उरल्या. नायकी काढून घेतली ती वेगळी.

"तुमचं नाव नाई घेतलं त्यानं," मुलगा म्हणाला. "पंचायतीत नाई, घरात नाई. मले इचारा तं म्या घेतलं असतं."

म्हातारा घरी नव्हता. कुठं असेल ते मला माहीत होतं.

उतारावर जळक्या गवताचा वास होता. बिळाचे दगड कुणीतरी परत काढून बाजूला रचले होते, काटे ओढून काढले होते. म्हाताऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते. तो बिळापाशी बसला होता. मला पाहून तो उठलाही नाही आणि जा असंही म्हणाला नाही. बिळाच्या वरच्या बाजूला ताज्या मातीचा छोटा उंचवटा होता, वर चार दगड.

"तीनच होते नं?" मी म्हणालो. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

"चार होते," तो म्हणाला. "एक बाहीर येत नव्हतं. पायानं अधू होतं."

नऊ सकाळी मी एवढी मोठी लेन्स लावून तीन मोजली होती. त्यानं माझी चार बोटं दाबली होती.

"अन् लांडगी?"

"येते. काल बी आलती, आज बी आलती उजाडता. बसते, वास घेते, जाते."

गाडीतून उतरताना सवयीनं कॅमेरा मी गळ्यात अडकवला होता. तो मी का उचलला ते मला आजही नीट सांगता येत नाही. हातांना काहीतरी हवं होतं. बिळाच्या काळ्या तोंडावर धरला. पडद्यावर तो चौकोन आला आणि डोळा शोधू लागला. बिळात गेला, दगडांवर गेला, काट्यांवर थबकला, परत बिळात गेला. कुठंच बसेना. मग डावीकडे सरकला आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यावर जाऊन बसला, पक्का. तो माझ्याकडे पाहत होता. बटण दाबलं असतं तरी त्याला कळलं नसतं. कॅमेरा त्याचसाठी तर घ्यायचा होता. मी बोट काढलं.

"किती उतरवले त्यानं?" माझ्या गळ्यातल्या नव्या कॅमेऱ्याकडं पाहून म्हाताऱ्यानं विचारलं.

मी सांगितलं. बाजारातल्या जुन्या माणसाला दलालानं खोटं सांगायचं नसतं. त्यानं मान हलवली, सौदा वाईट नाही अशी.

"पैसे तुहे, कॅमेरा तुहा. तुले सौदा करासाठी काईबी होतं. ट्रॅक्टर द्याचा होता, जुनी लेन्स द्याची होती," तो म्हणाला. "बैल इकला तं इकला, दलाल. दावं कायले देल्लं?"

तो पाठ फिरवून तांड्याकडे निघाला आणि मी मागून गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात मी बाजारातून बकऱ्या घेतल्या आणि पिकअपमध्ये घालून तांड्यात नेल्या. त्यानं मागचं फाळकंही उघडू दिलं नाही. "घरी ने, उन्हात हायेत," एवढंच म्हणाला. वनखात्याला सांगावं असंही मनात आलं. पण सांगितलं तर तांड्यातली घरं कोर्टात जातात, आणि पहिला साक्षीदार म्हणून म्हाताऱ्यालाच आपल्या लोकांविरुद्ध उभं राहावं लागतं. गाडीवाल्यांचं काय? गवतावरून गाडी नेली, एवढंच.

नागपूरवाल्यानं आठव्या दिवशी फोन उचलला. उरलेल्या पैशांचा दिवस होता.

"एकट्यानं यायचं ठरलं होतं," मी म्हणालो.

"अरे शेठ, मी एकटाच येणार होतो. मित्र मागं लागले. नाही कसं म्हणणार?"

"गाडी बिळापर्यंत काहून नेली?"

"एकाची लेन्स छोटी होती यार."

मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "पिल्लं गावकऱ्यांनी मारली. मी मारली का? आणि एक सांगा, जागा मी चोरली का? तुम्ही विकली, मी घेतली. घेतलेल्या वस्तूचं काय करायचं हे विकणाऱ्यानं सांगायचं नसतं, तुम्ही तर धंदेवाले आहात."

"तुहा कॅमेरा मले नोको."

"नको तर नको. पाठवून द्या."

दोन मिनिटांत माझे सगळे पैसे परत आले. एकही रुपया कमी नाही. म्हणून तर मला कुणाकडे तक्रार करता येत नाही. पोलीस विचारतील, तुमचं काय गेलं? कॅमेरा मी दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती दिला. घ्यावा की नाही याचा निर्णय मी इतके दिवस करत होतो, तो असा झाला. बायकोनं संध्याकाळी विचारलं, "तोटा किती झाला?"

"काईच नाई."

"मंग असे काहून बसले?"

जुना कॅमेरा अजून माझ्याकडे आहे. तो घेऊन मी दोनदा त्या उतारावर गेलो. लांडगी नाही. पाऊलही नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. माझा वाटा मोठा आहे आणि मी तो म्हाताऱ्यासमोर उभं राहून ऐकून घेतला आहे. पण गेल्या महिन्यात त्याच गाइडनं दुसरा फोटो पाठवला. नागपूरच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन, भिंतीवर माणसाच्या उंचीचा तोच फोटो, कोपऱ्यातला टायरचा खाचा कापून काढलेला. खाली लिहिलं होतं, 'मातृत्व'. शेजारी तो उभा, गळ्यात नवा कॅमेरा.

तर नागपूरवाल्या, आता तू उत्तर दे. मला नाही. माझे पैसे तू परत केलेस, आपलं देणंघेणं संपलं. फुलसावंगीच्या पुढं तो तांडा आहे, रस्ता तुला माहीत आहे. ये. या वेळी एकटा ये आणि पायी ये. म्हातारा घराच्या मागच्या बाजूला बसतो, पुढच्या ओट्यावर आता बसत नाही. त्याला बोटांची भाषा येते, तुला येत नाही, म्हणून तोंडानंच सांग. तुमच्यातल्या कुणी म्हटलं होतं की गाडी आणखी पुढं घे? पाण्यावरच्या बायकांना विचारायला कोण उतरला? आत पिल्लं आहेत हे तुला माहीत होतं ना, माझ्या फोनवर पाहिलं होतंस ना? मग इंजिन किती वेळ चालू ठेवलं होतं? आणि भिंतीवरच्या फोटोतून टायर कापलास, तेव्हा आपण काय कापतोय ते तुला ठाऊक होतं की नाही?

हात पुढं करून आलास तर तो दुपट्टा टाकणार नाही. उघड्यावर सांगावं लागेल. सांग.